सरळ वार आणि तिरका सूर: ‘सिल्कसाँग’ सहा महिने खेळल्यानंतर

‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ हा व्हिडिओ गेम ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला आणि त्याच आठवड्यात मी तो सुरू केला. सहा महिन्यांत एकदा पूर्ण आणि दुसऱ्यांदा अर्ध्याहून अधिक खेळून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. कथा, चित्रे आणि संगीत यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त कंट्रोलर हातात धरल्यावर पात्र कसे हलते, एवढ्याच विषयावर लिहिणार आहे. २०१७ चा मूळ ‘हॉलो नाइट’ माझ्या बोटांत पुरता मुरलेला होता आणि नव्या खेळाच्या पहिल्या आठवड्यात नेमक्या त्याच मुरलेल्या सवयीने माझा घात केला.

मूळ खेळातला नायक, नाइट, स्वभावाने स्थिर आहे. स्टिक ढकलली की तो त्याच क्षणी पूर्ण वेगाने चालू लागतो आणि सोडली की जागच्या जागी थांबतो. घसरणे नाही, वेग हळूहळू वाढणे नाही. उडीची उंची बटण किती वेळ दाबून ठेवले यावर ठरते. डॅश, म्हणजे झटक्यात आडवी झेप घेण्याची क्षमता, मिळाल्यावरही त्याचे अंतर ठरलेलेच असते, त्यामुळे एखादी दरी डॅशने ओलांडता येईल की नाही हे डोळ्यांना आधीच कळते. या साधेपणामुळे काही तासांतच हात असा बसतो की चुकल्यावर दोष कुठे झाला हे विचारावे लागत नाही. हवेत असताना खाली आणि वार ही दोन बटणे एकत्र दाबली की त्याचे शस्त्र असलेला खिळा सरळ खाली जातो आणि शत्रूला किंवा काट्यांना लागताच नाइट वर उसळतो. खेळाडू याला ‘पोगो’ म्हणतात. त्या खेळातल्या व्हाइट पॅलेस या भागातल्या फिरत्या करवतींवरून असे टप्पे घेत जाताना मला फक्त एकच गोष्ट सांभाळावी लागे: आपण लक्ष्याच्या बरोबर वर आहोत की नाही.

हॉर्नेटचे तसे नाही. ‘सिल्कसाँग’ची ही नायिका खेळाच्या सुरुवातीला ‘हंटर’ क्रेस्ट (लढण्याची शैली ठरवणारे चिन्ह) घेऊन येते आणि या क्रेस्टमध्ये तीच दोन बटणे दाबली की ती सुई पुढे धरून तिरका सूर मारते, साधारण ४५ अंशांच्या कोनात, आणि ज्या बाजूला तिचे तोंड आहे त्याच बाजूला. ऐकायला हा बदल लहान वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्याने डोळा आणि अंगठा यांच्यातला सगळा हिशेब बदलून जातो, कारण आता लक्ष्याच्या वर असून भागत नाही. जितके उंच आहोत तितकेच त्याच्या मागे असावे लागते. शिवाय तोंड कुठे आहे हे प्रत्येक क्षणी लक्षात ठेवावे लागते, जे मूळ खेळात खाली वार करताना कधी मनातही येत नसे.

हंटर्स मार्च या भागात हा फरक मला सर्वांत जवळून कळला. तिथे खाली काटे आहेत आणि वर ओळीने लटकणारे फुगीर कंद. एकावर सूर मारायचा, उसळायचे, पुढच्यावर सूर मारायचा. पहिल्या संध्याकाळी मी जुन्या सवयीने प्रत्येक वेळी कंदाच्या थेट डोक्यावर जात होतो आणि बटण दाबताच हॉर्नेट त्याच्या पलीकडून काट्यांत जात होती. काट्यांत पडले की एक मुखवटा, म्हणजे जीवाचा एक भाग, जातो आणि खेळ मागच्या सुरक्षित जागेवर परत आणून ठेवतो. दुसऱ्या संध्याकाळी मी कंदाकडे पाहणे सोडले आणि त्याच्या अलीकडच्या मोकळ्या जागेकडे पाहू लागलो. तेवढ्याने ताल सापडला. उसळल्यानंतर पुढचा कंद जिथे असतो, तिथपर्यंत पोहोचायला तिरका सूर सरळ वारापेक्षा सोयीचा आहे, कारण तो खाली नेता नेता पुढेही नेतो. उलट एकाच जागी दोन-तीनदा टप्पे घेऊन उभे वर चढायचे असेल, तर दर वेळी मागे सरकून जागा करावी लागते आणि तिथे हंटर क्रेस्ट आजही मला अवघड जाते.

यावर खेळातच उपाय आहे, तो म्हणजे इतर क्रेस्ट. हंटर धरून एकूण सात आहेत, त्या बाकावर (खेळातल्या विसाव्याच्या जागी) बसूनच बदलता येतात, आणि प्रत्येकीबरोबर वाराची पद्धत बदलते. ‘वाँडरर’मध्ये पोहोच कमी, पण वार जलद आणि खालचा वार जवळपास नाइटसारखाच सरळ. ‘रीपर’मध्ये सुई विळ्यासारखी रुंद फिरते, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी टप्पा मिळतो, मात्र वार मंद असतो. वाँडरर मिळाल्यावर मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि कितीतरी तास तीच वापरली. दुसऱ्या वेळी खेळताना मात्र मी मुद्दाम हंटरवर टिकून राहिलो, आणि खुल्या जागेतल्या लढाईत, जिथे शत्रू आडवा सरकत असतो, तिथे तिरका सूर किती उपयोगी आहे हे मला तेव्हाच समजले. शत्रूच्या अंगावर झेपावायचे, उसळून त्याच्या पाठीमागे उतरायचे, हे सरळ वाराने इतके सहज होत नाही. तरी माझे स्पष्ट मत असे की सरळ वाराची क्रेस्ट सुरुवातीच्या वाटेवर सहज सापडेल अशी ठेवायला हवी होती. जुन्या खेळाडूंपैकी ज्यांनी पहिल्या चार तासांत खेळ सोडला, त्यांच्यातल्या काहींनी तरी वाँडरर पाहिलीच नसावी.

धावण्याबद्दल माझी तक्रार कमी आणि कौतुक जास्त आहे. डॅशचे बटण दाबून धरले की हॉर्नेट पळत सुटते आणि पळता पळता मारलेली उडी चांगली लांब जाते. कड थोडक्यात हुकली तर ती हातांनी धरून स्वतःला वर ओढून घेते. नाइट अशा वेळी सरळ खाली जात असे. ब्लास्टेड स्टेप्स या भागात ‘लास्ट जज’ या बॉसकडून, म्हणजे बलाढ्य मुख्य शत्रूकडून, हरल्यावर बाकापासून पुन्हा तिथपर्यंत जावे लागते. ती लांब वाट सुरुवातीला मला शिक्षा वाटली, पण पंधरा-वीस फेऱ्यांनंतर बटण कुठे सोडायचे आणि कुठली कड धरायची हे ठरून गेले आणि मी ती जवळपास न थांबता पार करू लागलो. अडचण एकच आहे: डॅश आणि धावणे एकाच बटणावर असल्यामुळे, छोटी झेप हवी असताना बोट क्षणभर जास्त रेंगाळले की हॉर्नेट अरुंद कठड्यावरून धावत पुढे निघून जाते. माझ्या बोटाला हे शिकायला महिना लागला.

जखमा भरण्याच्या पद्धतीचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूळ खेळात तीन वार केले की एक मुखवटा भरण्याइतका ‘सोल’ (वारांतून मिळणारी शक्ती) जमतो आणि जमिनीवर उभे राहून बटण दाबून धरले की तो भरतो. ‘सिल्कसाँग’मध्ये वारागणिक एक असे रेशमाचे नऊ धागे जमवावे लागतात आणि एका झटक्यात तीन मुखवटे भरतात. हिशेब मांडला तर दोन्हीकडे तीन वारांना एक मुखवटा पडतो. तरीही हाताला दोन्ही अगदी वेगळे लागतात. नाइटबरोबर मी सतत लहान लहान संधी शोधत असे: बॉस मागे सरकला, एक मुखवटा भरून घेतला. हॉर्नेटबरोबर आठ धाग्यांवर एकही मुखवटा भरता येत नाही आणि नवव्यावर तिन्ही भरतात. भरत असताना मध्येच मार बसला तर ते नऊ धागे वाया जातात. त्यात अनेक बॉस एका फटक्यात दोन मुखवटे काढतात, म्हणजे सुरुवातीच्या पाच मुखवट्यांवर तिसरा फटका शेवटचा. या बदल्यात एक मोठी मोकळीक मिळते, ती म्हणजे हॉर्नेट हवेतही स्वतःला सावरू शकते. बॉस जमिनीवरून धडक देत असताना उडी मारून, त्याच्या डोक्यावर तरंगत, तीन मुखवटे भरून घेणे ही या खेळातली माझी सर्वांत आवडती कृती आहे, आणि ती जमायला लागल्यापासून लढाया मला पूर्वीइतक्या कडक वाटल्या नाहीत.

उपकरणाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. माझ्या जुन्या कंट्रोलरची स्टिक किंचित एका बाजूला ओढत होती. मूळ खेळात ते कधी जाणवले नव्हते, पण इथे सूर मारण्याच्या क्षणी तोंड फिरले की संपले. मी दिशांसाठी डी-पॅड (कंट्रोलरवरची दिशांची बटणे) वापरायला लागलो आणि चुका झपाट्याने कमी झाल्या. ज्यांना सूर उलट्या बाजूला जातो असे वाटते, त्यांनी खेळाला दोष देण्याआधी हा प्रयोग जरूर करून पाहावा.

मागच्या आठवड्यात मी मुद्दाम मूळ खेळ पुन्हा उघडला आणि ग्रीनपाथ या भागापर्यंत गेलो, जिथे हॉर्नेट बॉस म्हणून समोर येते. पहिल्या मिनिटातच ती हवेत थबकली आणि सुई रोखून तिरकी खाली आली, तोच कोन, ज्याच्याशी मी हंटर्स मार्चमध्ये दोन संध्याकाळी झगडलो होतो. २०१७ च्या खेळात तो तिच्या अंगी होताच, पण तेव्हा मी फक्त त्याच्या वाटेतून बाजूला होत असे. तिला चुकवून मी उडी मारली आणि हवेतच जखम भरायचे बटण दाबून धरले. नाइट काही न करता खाली आला आणि पुढचा फटका मला बसला.