फिरतीवरच्या लेखापरीक्षकाने कोणता लॅपटॉप घ्यावा: मॅकबुक, विंडोज की टॅबलेट?

एप्रिल उजाडला की सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक आणि करसल्लागार फिरतीला लागतात, ते ३० सप्टेंबरला वार्षिक सभांची मुदत संपेपर्यंत. सकाळी पतसंस्था, दुपारी विकास सोसायटी, संध्याकाळी मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत्याचं जीएसटी. जीडीसी अँड ए (सहकार आणि लेखाशास्त्राची सरकारी पदविका) होऊन नव्याने या कामात आलेली मुलं याच दिवसांत विचारतात, "लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घेऊ?" दुकानदार त्यांना प्रोसेसरची पिढी सांगतो, यूट्यूबवरचे परीक्षक व्हिडिओ एडिटिंग करून दाखवतात. टॅली, डीएससी टोकन (डिजिटल सही साठवलेलं छोटं यूएसबी साधन), मराठी फॉन्ट आणि दिवसभर नसलेली लाइट यांचा हिशेब कोणी मांडत नाही. म्हणून हा आढावा फक्त आपल्या कामापुरता.

माझं मत आधीच सांगतो. या धंद्यात पहिला आणि एकमेव लॅपटॉप घ्यायचा असेल, तर इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा, १३ ते १४ इंची, दीड किलोच्या आतला विंडोज लॅपटॉप घ्या. मॅकबुक, स्नॅपड्रॅगनचे नवे लॅपटॉप आणि टॅबलेट या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्यांचं गिऱ्हाईक वेगळं आहे. ते कोण, हे खाली येतंच.

निवड टोकनपासून सुरू करा

समजा तुम्ही तासगावात बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याकडे बसला आहात. फर्म प्रायव्हेट लिमिटेड आहे, त्यामुळे जीएसटीचं विवरणपत्र ओटीपीवर भागत नाही, डीएससीच लागते. मालक गल्ल्यातून पेनड्राइव्हसारखं टोकन काढून देतो. आता हे टोकन तुमच्या लॅपटॉपला लागलं पाहिजे, त्याचा ड्रायव्हर चालला पाहिजे, सही करणारं एमसाइनर ब्राउझरशी बोललं पाहिजे. यातलं एक जरी अडलं, तर लॅपटॉप किती पातळ आहे याला काही अर्थ उरत नाही. आणि टोकन प्रत्येक अशिलाचं वेगळ्या कंपनीचं असतं, त्यामुळे आपल्या एका टोकनवर चाललं म्हणून निश्चिंत होता येत नाही.

इंटेल-एएमडीच्या विंडोजवर हे सगळं चालतं, कारण टोकन बनवणारे सर्वात आधी त्याच मशीनसाठी ड्रायव्हर लिहितात. मॅकसाठी काही टोकनांचे ड्रायव्हर मिळतात, पण अशिलाच्या हातातलं टोकन त्यातलंच निघेल याची खात्री कोणी द्यायची?

खरी फसगत होण्याची शक्यता स्नॅपड्रॅगनमध्ये आहे. २०२४ च्या जूनपासून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बाजारात आले. बॅटरी उत्तम, आवाज जवळजवळ नाही. आसुसचा झेनबुक ए-१४ तर एक किलोच्याही आत आहे. समोर विंडोज ११ दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण आतला प्रोसेसर एआरएम जातीचा आहे. इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्राम विंडोज भाषांतर करून चालवतं. ड्रायव्हरचं मात्र तसं होत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो. टोकन, जुना स्कॅनर, संस्थेच्या कार्यालयातला दहा वर्षांचा प्रिंटर, सगळे इथेच अडू शकतात. तुमच्या अशिलांची दोन-तीन टोकनं दुकानात नेऊन लावून बघता येत असतील, तरच या वाटेला जा.

मॅकवाल्यांचं एक नेहमीचं उत्तर असतं: "पॅरलल्स टाकून आत विंडोज चालवू." चालतं, नाही असं नाही. पण एम मालिकेच्या मॅकवर जे विंडोज बसतं तेही एआरएमचंच. म्हणजे स्नॅपड्रॅगनची अडचण तिथे आहेच, शिवाय पॅरलल्सचे आणि विंडोजचे पैसे वर.

रोजचे प्रोग्राम

टॅलीप्राइम, म्हणजे हिशेबाची टॅली, हा विंडोजचा प्रोग्राम आहे. मॅकवर तो थेट बसत नाही. क्लाउडवर भाड्याने टॅली घेऊन कुठूनही उघडता येतं, पण मग नेटवर्क हवं, आणि आंबेगाव किंवा शाहूवाडीच्या आतल्या गावांत नेटवर्क कधी असेल ते सांगता येत नाही. प्राप्तिकराच्या एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर (एक्सेलमध्ये आपोआप चालणाऱ्या आज्ञांवर) चालतात आणि विंडोजवरचं एक्सेल धरून बनवलेल्या असतात. आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतच नाहीत. टीडीएसचं आरपीयू, म्हणजे विवरणपत्र तयार करायचं सॉफ्टवेअर, जावावर आहे. त्याची नीट घडी विंडोजवरच बसते.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रात काम करणाऱ्यालाच भेडसावते: मराठी. आपला अहवाल, दोष दुरुस्तीचा तक्ता, सभेची नोटीस सगळं मराठीत. नवीन मजकूर युनिकोडमध्ये टाइप होतो आणि तो कुठल्याही मशीनवर दिसतो. पण पतसंस्थांची जुनी सॉफ्टवेअर आणि मागच्या लेखापरीक्षकांच्या फायली श्री-लिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये असतात. फॉन्ट नसेल तर तेरीज पत्रकाच्या (ट्रायल बॅलन्सच्या) जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ही जुनी मराठी साधनं विंडोजच्या जगातली आहेत. विकास सोसायट्यांचं चित्र मात्र बदलतंय. केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या संगणकीकरण प्रकल्पामुळे त्यांचं काम एका सामायिक प्रणालीवर जातं आहे, आणि ती ब्राउझरमध्ये उघडते. ज्याच्याकडे फक्त अशाच संस्था असतील, त्याला विंडोजची गरज कमी भासेल. पण एखादी तरी पतसंस्था प्रत्येकाकडे असतेच.

वजन: फक्त लॅपटॉपचं बघू नका

मॅकबुक एअर १३ इंची, १.२४ किलो. सरफेस प्रो टॅबलेट ९०० ग्रॅमच्या आसपास, पण कीबोर्ड वेगळा विकत घ्यायचा आणि त्याचं वजनही मिळवायचं. एचपीचा पॅव्हिलियन एरो १३ एक किलोच्या आत. थिंकपॅड एक्स वन कार्बनही एक किलोच्या आसपास, पण किंमत आपल्या धंद्याला झेपणारी नाही. थिंकपॅड ई-१४ सारखा मधला लॅपटॉप साधारण १.४ किलोचा.

कागदावर फरक मोठा वाटतो. प्रत्यक्षात पिशवीत चार्जर असतो, हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) असतो, माऊस असतो, छोटा स्कॅनर असतो आणि दोन संस्थांच्या किर्दीच्या झेरॉक्सही असतात. ज्या लॅपटॉपला जुनं यूएसबी पोर्ट, एचडीएमआय आणि टाइप-सी तिन्ही आहे तो दीडशे ग्रॅम जड असला तरी हब वाचवतो. मॅकबुक एअरला दोनच टाइप-सी पोर्ट आहेत. टोकन लावायला अडॅप्टर हवाच, आणि तो बरोबर ३० सप्टेंबरच्या आठवड्यात हरवतो.

आकड्यांच्या पट्टीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. दिवसभर व्हाउचर मारणाऱ्याचा उजवा हात नमपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या आकड्यांच्या बटणांवर असतो. १३-१४ इंची लॅपटॉपला नमपॅड नसतोच. १५ इंची मॅकबुक एअरलाही नाही. वरच्या ओळीतले आकडे दाबत कर्जखतावणी उतरवायची म्हणजे वेग निम्मा होतो आणि चुका वाढतात. उपाय दोन. यूएसबीचा सुटा नमपॅड घ्या, तो काही शे रुपयांत मिळतो आणि पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मावतो. किंवा एलजी ग्रॅमचा १६ इंची घ्या: नमपॅड आहे आणि वजन सुमारे १.२ किलोच. महाग आहे, आणि एसटीच्या सीटवर तेवढा मोठा लॅपटॉप उघडता येत नाही, पण जो संस्थेत टेबलावर बसूनच काम करतो आणि ज्याला पडदाही मोठा हवा, त्याच्यासाठी यापेक्षा नेमकी गोष्ट मी पाहिलेली नाही.

लाइट, ऊन आणि पाऊस

बॅटरीत मॅकबुक एअर पुढे आहे, यात वाद नाही. दिवसभर चार्जर न काढता काम होतं. स्नॅपड्रॅगन त्याच्या जवळ जातो. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेने, म्हणजे सप्टेंबर २०२४ नंतरच्या लॅपटॉपनी, हे अंतर बरंच भरून काढलं. फक्त त्यात रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते, १६ किंवा ३२ जीबी. नंतर वाढवता येत नाही. घेतानाच ठरवा.

साध्या इंटेल लॅपटॉपवालेही बॅटरीची चिंता पॉवर बँकेवर सोपवू शकतात, लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होत असेल तर. हिशेब सोपा आहे. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर. रूपांतरात काही जातं, तरी ५०-५५ वॉट-अवरच्या लॅपटॉपची बॅटरी जवळजवळ पुन्हा एकदा भरते. पॉवर बँक किमान ४५ वॉट पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीमधून लॅपटॉपला पुरेल एवढी वीज) देणारी हवी. मोबाइलसाठीची १८ वॉटवाली उपयोगाची नाही. विमानप्रवास असेल तर १०० वॉट-अवरच्या आतली घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही.

उन्हाचं म्हणाल, तर मॅकबुक एअरला पंखाच नाही. एसी असलेल्या कार्यालयात तो वरदान आहे. पण पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्यात, यवतमाळ-चंद्रपूरकडे? ॲपल स्वतःच वापरासाठी १० ते ३५ अंश तापमान सांगतं. इतर कंपन्यांची मर्यादाही साधारण तीच, पण पंखा असलेला लॅपटॉप निदान उष्णता बाहेर फेकतो. बिनपंख्याचा स्वतःचा वेग कमी करून घेतो. कुठलाही लॅपटॉप असो, विदर्भात तो दुपारी बंद गाडीत ठेवू नका, बॅटरी फुगते. पडदा बिनचमकीचा, म्हणजे मॅट घ्या. दारासमोर बसून काम करताना चकचकीत पडद्यावर तेरजेऐवजी अंगणच दिसतं. निदान ४०० निट्स उजेड हवा. स्वस्त लॅपटॉपात २५०-३०० असतो, तो घराबाहेर अपुरा पडतो.

आपला हंगाम आणि पावसाळा एकच. रेनकव्हरवर विसंबू नका, लॅपटॉप आधी झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत आणि मग बॅगेत.

मग मॅक कोणाचा, टॅबलेट कोणाचा

ज्याचं काम बोलणं, दाखवणं आणि मेल पाठवणं आहे, हिशेब क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि डीएससीची कामं कार्यालयातल्या डेस्कटॉपवर होतात, त्याने मॅकबुक एअर डोळे झाकून घ्यावा. एम-४ चा एअर २०२५ मध्ये आपल्याकडे ९९,९०० रुपयांना आला. पाच-सहा वर्षं टिकतो आणि विकायला काढला तर भावही चांगला येतो.

विमा प्रतिनिधी, म्युच्युअल फंड वितरक, ऑर्डर घेत फिरणारे विक्रेते यांना टॅबलेट बरा. अशिलाच्या हातात देता येतो, पेनने सही घेता येते, कागदाचा फोटो तिथल्या तिथे पीडीएफ होतो. अंगठ्याचं बायोमेट्रिक यंत्र वापरावं लागत असेल तर अँड्रॉइड घ्या. लेखापरीक्षकाला मात्र टॅबलेट दुसरं साधन म्हणूनच. सरफेस प्रो त्याला अपवाद वाटतो, कारण त्यात पूर्ण विंडोज आहे. पण त्याचा टेकू ठेवायला खोल टेबल लागतं, मांडीवर तो डगमगतो, आणि अलीकडची बरीच मॉडेलं स्नॅपड्रॅगनची आहेत. क्रोमबुकचा विचारही नको.

पैसे कमी असतील तर

नवा स्वस्त लॅपटॉप घेण्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेले एलिटबुक, लॅटिट्यूड किंवा थिंकपॅड टी मालिका बघा. पुण्यातल्या आयटी कंपन्यांतून निघालेला माल दुकानांत येतो, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. कीबोर्ड मजबूत, बिजागऱ्या टिकाऊ, सुटे भाग मिळतात. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचाच घ्या: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याआधीच्या पिढ्यांना चालत नाही. अशिलांचे पॅन-आधार असलेलं मशीन अपडेटशिवाय वापरणं योग्य नाही. दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

नवा असो वा जुना, विंडोज प्रो असलेला मिळाला तर बिटलॉकर चालू करून टाका. लॅपटॉप एसटीत राहिला तरी आतली कागदपत्रं दुसऱ्याला उघडता येणार नाहीत. त्याची रिकव्हरी की मात्र लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका, घरच्या फायलीत ठेवा.

वॉरंटी घेताना घरपोच सेवा तुमच्या पिनकोडला मिळते का, हे विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा. शहरात तंत्रज्ञ घरी येतो. तालुक्याच्या गावी बऱ्याचदा लॅपटॉप जिल्ह्याला पाठवावा लागतो आणि ऐन हंगामात आठवडा जातो. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर घालून घ्या. लॅपटॉपवरचा १८ टक्के कर परत वळता होतो, उरलेल्या रकमेवर संगणकाचा ४० टक्के घसारा मिळतो. मशीन घेतलं त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षाचा घसारा निम्मा, म्हणून मार्च अखेरीला घाईने घेण्यापेक्षा हंगाम सुरू होताना एप्रिलमध्येच घ्या.