टूम ऑफ अनायलेशन: एक पावसाळा ते उन्हाळा खेळवल्यानंतर

'टूम ऑफ अनायलेशन' हे डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, या फासे टाकत गोष्ट रंगवण्याच्या खेळाचं तयार साहस आहे. आधी निकाल, मग कारणं. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, म्हणून बारीकसारीक हिशेब ठेवायचा कंटाळा नसेल आणि टेबलावरची माणसं आपण रंगवत असलेलं कॅरेक्टर मेलं म्हणून रुसून बसणारी नसतील, तर हे साहस जरूर घ्या. यातली एक जरी बाजू लंगडी असेल, तर जंगलात अर्ध्यावरच खेळ बंद पडण्याची शक्यता दाट आहे. ज्यांना यात खेळाडू म्हणून उतरायचंय त्यांनी इथेच थांबावं, पुढे बरंच काही फुटणार आहे.

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीसाठी २०१७ साली आलेलं हे २५६ पानी पुस्तक कॅरेक्टरांना पहिल्या लेव्हलपासून अकराव्यापर्यंत नेतं. त्याची नाळ मात्र खूप मागे जाते. या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्सने १९७५ सालच्या ओरिजिन्स मेळाव्यातल्या स्पर्धेसाठी सापळ्यांनी भरलेल्या थडग्याचं एक साहस रचलं होतं. आपली कॅरेक्टरं कुणाला हार जात नाहीत अशा तोऱ्यात वावरणाऱ्या खेळाडूंची रग जिरवायला. १९७८ मध्ये ते छापून आलं. त्यात भिंतीवर एक हिरवा राक्षसी चेहरा आहे, तोंड उघडं आणि आत मिट्ट काळोख. भुयार समजून जो आत शिरतो तो संपतो. ना बचावाचा रोल, म्हणजे फासा टाकून सुटायची संधी, ना प्रेत. ते थडगं बांधणारा मांत्रिक अ‍ॅसेरेरॅकच इथेही पडद्यामागे आहे, फक्त त्याच्यापर्यंत पोचायला आधी चल्ट नावाचं अख्खं जंगल तुडवावं लागतं.

कथा थोडक्यात अशी: जगभर मृत्यूचा शाप पसरलाय. पूर्वी कधी मेलेले आणि जादूने परत आलेले लोक झिजत चाललेत आणि नव्याने मरणाऱ्यांना कुठलीही जादू परत आणू शकत नाही, कारण त्यांचे आत्मे एका यंत्रात अडकतात. सिंड्रा सिल्व्हेन नावाची निवृत्त साहसी बाई स्वतः अशीच झिजतेय. ती पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या कॅरेक्टरांच्या टोळीला, न्यानझारू बंदरात आणून सोडते आणि शापाचं मूळ शोधा म्हणते.

आमचं टेबल ठाण्यात, एक रविवार आड, जेवणं उरकल्यावर. पाच खेळाडू. त्यातले दोघं पहिल्यांदाच डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, हातात घेणारे, एक माझा मामेभाऊ, बाकीचे ऑफिसातले. सात व्यापारी राजपुत्रांच्या ताब्यातलं ते बंदर आणि तिथल्या डायनासोरच्या शर्यती यात सुरुवातीची सेशन्स मजेत गेली. शर्यतीवर पैज लावून खिसा रिकामा करणं हा बंदरातला आमच्या मंडळींचा मुख्य उद्योग होता.

मग जंगल. इथे पुस्तकाची खरी ताकद आणि खरी डोकेदुखी एकाच जागी आहे. नकाशा षट्कोनांचा, प्रत्येक षट्कोन दहा मैलांचा. पायी दिवसाला एक, नदीतून होडीने दोन. वाट काढणाऱ्याचा रोल फसला की पार्टी भरकटते, आणि कुठल्या दिशेला ते डीएम सहा बाजूंचा फासा टाकून गुपचूप ठरवतो. खेळाडूंकडच्या नकाशात किनारा सोडला तर बहुतेक घरं कोरी असतात. ती ते स्वतः भरतात, पण भरकटल्याचं त्यांना कळत नाही, त्यामुळे त्यांचा नकाशा आणि माझा नकाशा हळूहळू वेगळे होत जातात. आमच्याकडे एकदा तर त्यांनी डोंगर चक्क नदीत काढला होता आणि त्यावरून तासभर भांडण चाललं. ते भांडण ऐकताना मला जो आनंद झाला तो कुठल्याही मोठ्या लढाईत झाला नाही.

डोकेदुखी ही की माणशी रोज दोन गॅलन पाणी लागतं, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास. पाऊस धरायची कापडी झोळी, डासांचं मलम, घाणेरड्या पाण्यातून घशात बसणाऱ्या जळवा, माकडतापाचा संसर्ग. वर सकाळ-दुपार-रात्र गाठभेटीचा रोल, सोळा किंवा जास्त पडला की काहीतरी समोर येणार. दर वेळी चारातला एक चान्स, दिवसातून तीनदा. पुस्तकात लिहिलंय तसं टेबलावर बसून एकेक दिवस मोजत गेलात तर दोन तासांत चार दिवस सरतात आणि कुणीतरी फोन काढतं. मी शनिवारी रात्रीच पुढच्या आठवड्याचे सगळे रोल टाकून ठेवायचे, त्यातली फालतू गाठभेट एका वाक्यात संपवायचे आणि जिच्यातून जंगलाबद्दल काही कळतं तेवढीच खेळवायचे. पाण्याचा हिशेब मामेभावाकडे दिला. त्याने वाण्याच्या खातेवहीसारखी वही घातली आणि शेवटपर्यंत कुणाला एक घोट जास्त पिऊ दिला नाही.

एक गोष्ट मात्र बदलली नाही: गाठभेटींचा तक्ता पार्टीची लेव्हल बघत नाही. दुसऱ्या लेव्हलच्या पोरांसमोर मेलेला टी-रेक्स उभा राहू शकतो, जो तोंडातून झॉम्बी ओकतो. काही डीएम हे सौम्य करतात. मी करणार नाही. पहिल्यांदा तो समोर आला तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली, मग कुणीतरी म्हणालं, "पळूया ना?" आणि तिथून पुढे हे टेबल पळायला शिकलं. थडग्यात तेच कामी आलं.

पुस्तकातला सगळ्यात मोठा दोष मात्र मला शेवटपर्यंत खुपला. एकीकडे सिंड्राचा कमाल हिट पॉइंटचा, म्हणजे अंगातल्या जिवाचा, आकडा रोज एकाने घटतोय, दुसरीकडे जंगल म्हणतंय फिरा, बघा, पडके किल्ले शोधा. ज्या खेळाडूंना त्या म्हातारीची खरंच काळजी वाटते त्यांना हे सगळं बाजूला ठेवून सरळ धावावंसं वाटतं, आणि धावायचं कुठे तेही त्यांना ठाऊक नसतं, कारण ओमू नावाच्या हरवलेल्या शहराचा पत्ता सुरुवातीला कुणी ठामपणे देत नाही. मी शाप नंतर सुरू केला. आधी तिसऱ्या लेव्हलपर्यंत बंदरातली आणि आसपासची कामं, मग एके दिवशी सिंड्राची तब्येत ढासळते. ओमूचं नाव मात्र पहिल्याच सेशनला त्यांच्या कानावर घातलं. मार्गदर्शकांचंही तसंच. बंदरात भाड्याने वाट दाखवणारे बरेच मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं काही ना काही गुपित असतं. एकीच्या अंगात तर वाघ आहे. त्यातला एकच निवडा आणि त्याचं गुपित नीट पिकू द्या. दोन घेतलेत तर दोन्ही कच्ची राहतात.

ओमूत नऊ देवळं, प्रत्येकात एक कोडं आणि एक दगडी घन, आणि ते घन पळवायला टपलेले रेड विझर्ड नावाचे जादूगार. हा भाग स्वतःच चालतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

शापाचं मूळ जिथे आहे ते ओमूतलं थडगं सहा मजल्यांचं आहे आणि त्याची निगा राखायला आत विदर्स नावाचा एक मेलेला कारभारी नेमलेला आहे. सापळा उडाला की दुरुस्त होतो, त्यामुळे 'एकदा उडाला, आता सुरक्षित' हा जुना हिशेब इथे चालत नाही. इथे माझा नियम एकच होता. जे बघायला मागाल ते फुकट मिळेल. "ताई, मी छत बघतो," म्हटलं की छतावर काय आहे ते पूर्ण सांगायचं, रोल न मागता. जमिनीवरची ओल, हवेचा वास, दाराच्या कडेला खरचटल्याच्या खुणा, सगळं. हात लावला की मग फासा. आत जी कॅरेक्टरं मेली त्यांच्या खेळाडूंनी मला दोष दिला नाही, कारण खूण त्यांना सांगितलेली होती आणि ती दुर्लक्षून पुढे कोण गेलं हे सगळ्यांना आठवत होतं. 'परसेप्शन रोल कर, बारा पडले, काही दिसलं नाही, मेलास' अशा पद्धतीने हे थडगं खेळवलंत तर दुसऱ्या मजल्यावरच टेबल मोडेल आणि दोष पुस्तकाला लागेल.

या सगळ्यावर कडी म्हणजे आत पुरलेल्या नऊ देवांचे आत्मे. एखाद्या देवाच्या कबरीतली वस्तू उचलली की तो देव त्या कॅरेक्टरच्या अंगात येतो, एक शक्ती देतो आणि एक खोड लावतो. कुबाझान अंगात आला की प्रचंड बळ मिळतं, पण धोक्याचा विचारच सुटतो. ओबोलाका आली की माणूस जोखीम टाळू लागतो. आमच्याकडे कुबाझान नेमका त्याच बाईच्या अंगात आला जी जंगलात प्रत्येक झाड काठीने टोचून बघायची. पुढची सगळी सेशन्स ती दारं लाथेने उघडत होती आणि बाकीचे चौघं तिला मागे ओढत होते. घरात अंगात येण्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आमच्या टेबलाला हा प्रकार समजावून सांगावाच लागला नाही.

पुनरुज्जीवन नाही, म्हणून नव्या कॅरेक्टरची सोय आधीच लावा. प्रत्येकाचं एक राखीव कॅरेक्टर तयार असू द्या. जंगलात हमाल किंवा कैदी म्हणून आणता येतं. थडग्यात माणसं कोंडून ठेवणारा एक जादूचा आरसा आहे, बारा कप्प्यांचा, आणि त्यातून नवा माणूस बाहेर काढणं हा पुस्तकानेच सुचवलेला मार्ग आहे. आमच्या आरशातून आलेली चोर थडग्याबद्दल एक खरी आणि एक खोटी गोष्ट घेऊन आली होती. त्यामुळे ती पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना हवी होती. 'मीट ग्राइंडर' नावाचा जास्त क्रूर पर्याय आहे, त्यात मरणाच्या दारातला रोल दहाऐवजी पंधरावर यशस्वी होतो, म्हणजे पंचावन्न टक्क्यांवरून थेट तीसवर. मी तो वापरला नाही. सापळे पुरेसे आहेत, आणि बेशुद्ध पडलेल्याला वाचवायला धावणाऱ्यांमुळेच निम्मी रंगत येते.

चल्टचं चित्रण मात्र डोळे उघडे ठेवून वाचावं. आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांवरून उचललेल्या तुकड्यांची गोधडी आहे ती, आणि त्यावर बरीच टीका झाली. प्रकाशकांनीही २०२० मध्ये पुनर्मुद्रणात काही मजकूर बदलल्याचं जाहीर केलं. मी बंदराचे लोक, त्यांचा व्यापार आणि त्यांची आपसातली भांडणं वाढवली. बाहेरून आलेल्या गोऱ्या साहसी मंडळींनी उद्धार करायचा, असा सूर लागू दिला नाही.

पाचव्या मजल्यासाठी एक जुगाड. तिथे मोठी दातेरी चाकं फिरतात आणि खोल्यांची जोडणी बदलते. शब्दांत सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही, माझ्याही शिरलं नव्हतं. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चाकं केली, मधे टाचणी लावली आणि खेळाडूंना स्वतः फिरवू दिली. नकाशांच्या झेरॉक्स काढून प्रत्येक खोलीपुढे पान क्रमांक लिहून ठेवा, नाहीतर ऐन सापळ्याच्या वेळी पानं उलटत बसाल. आणि वाचताना शेवटचं, पाचवं प्रकरण आधी वाचा. तिथे काय लागतं ते कळलं की जंगलातल्या दुसऱ्या प्रकरणातलं काय सरळ गाळता येईल ते आपोआप दिसतं. आम्ही जवळजवळ निम्मं गाळलं.