स्टायलस चार्ज होत नाही: दुरुस्त करावा, तोच परत घ्यावा, की दुसऱ्या जातीचा?

जून लागला की गोव्यात दोन गोष्टी ठरलेल्या. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी धरते आणि कुणाच्या तरी टॅबचं पेन चार्ज व्हायचं थांबतं. मग आल्तिनोच्या कला महाविद्यालयात जाणारी मुलगी असो की डिचोलीत शिकवण्या घेणारे सर, पेच सारखाच असतो. हेच चालू करून घ्यायचं, असंच नवीन आणायचं, की स्वस्तातलं दुसरं बघायचं? बहुतेक जण अशा वेळी दाबाला प्रतिसाद किती, तिरपं धरल्यावर छटा येते का, याची तुलना करत बसतात. आपल्या हवेत मी आधी वेगळंच विचारीन: हे पेन चार्ज कसं होतं? ते आज का बंद पडलं आणि उद्या कोणतं घ्यावं, या दोन्हींचं उत्तर बरंचसं त्यातच असतं.

टाईप-सी पोर्टवालं स्वस्त पेन

हजार ते अडीच हजारांत ऑनलाइन मिळणारी, आयपॅडवर चालणारी बिनब्रँडची पेनं बहुतेक या जातीची. तक्रारीही यांच्याच जास्त, आणि त्यातल्या बऱ्याच खोट्या निघतात.

पहिला संशय केबलवर घ्या. दोन्ही टोकांना टाईप-सी असलेली केबल आणि तसाच नवा फास्ट चार्जर वापरत असाल, तर पेनात बिघाड नसतानाही दिवा लागणार नाही. असा चार्जर समोरच्या वस्तूने खूण पटवल्याशिवाय वीज सोडतच नाही. ती खूण म्हणजे पोर्टामागचे 5.1 किलोओमचे दोन बारीक रेझिस्टर. स्वस्त पेनांत खर्च वाचवायला ते अनेकदा गाळलेले असतात. जुन्या मोबाइलचा चपट्या यूएसबी तोंडाचा साधा 5 व्होल्टचा अडॅप्टर काढा आणि त्यातून टाईप-सीला जाणारी केबल लावा. हा अडॅप्टर काही विचारत नाही, थेट वीज देतो. पेनासोबत आलेली ती आखूड केबल डब्यातून काढून फेकली असेल तर बहुधा तिथेच घोटाळा झालेला असतो.

दुसरा संशय पॉवर बँकेवर. पावसात वीज गेली की आपण सगळं तिच्यावर लावतो. पेनाची बॅटरी इवलीशी, ती ओढते जेमतेम. पॉवर बँकेला वाटतं की काहीच जोडलेलं नाही, आणि ती थोड्या वेळात स्वतःहून बंद होते. काही पॉवर बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड सुरू होतो. तसा नसेल तर सरळ भिंतीवरचा प्लग बरा.

एवढं करूनही दिवा नाही, तर टॉर्च लावून पोर्टात बघा. मधल्या पातळ जिभेवर पिवळसर पिनांची रांग दिसते. ती लख्ख असेल तर ठीक. तिच्यावर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर ते आपल्या खाऱ्या, दमट वाऱ्याचं काम. कळंगुट, मिरामार किंवा कोळव्याच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको, त्यांच्या खिडक्यांचे खिळेसुद्धा तसेच होतात. मऊ, कोरड्या ब्रशने ती पूड अलगद झाडायची. हटत नसेल तर ब्रशाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावायचा नाही. टाचणी, सुई अजिबात नको, ती जीभ मोडली की पेन कायमचं गेलं. आणि कृपा करून तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदूळ गंज काढत नाही, उलट त्याचं पीठ पोर्टात जाऊन बसतं.

शेवटचा संशय बॅटरीवर. लिथियम बॅटरी पडून राहिली तरी हळूहळू उतरते, आणि फार खाली गेली की तिचं संरक्षक सर्किट दार लावून घेतं. परीक्षा संपल्यावर ड्रॉवरात टाकलेलं पेन चवथीनंतर काढलं तर असंच होतं. साध्या अडॅप्टरवर तासभर लावून ठेवा. सुरुवातीला दिवा लागला नाही तरी घाई करू नका. पण पेन गरम होत असेल किंवा अंगावर कुठे फुगवटा दिसत असेल, तर तिथेच थांबायचं.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर या पेनाच्या दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. म्हापशाच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला दोष नाही. आतली बॅटरी काडीसारखी आणि आवरण चिकटवलेलं असतं, उघडताना ते फुटतंच. नोट्स आणि पीडीएफवर खुणा एवढंच काम असेल तर असंच दुसरं घ्या, पण बिल जपून ठेवा. चित्रं काढणाऱ्याने मात्र इथे परत पैसे घालू नयेत, कारण यातली बहुतेक पेनं दाब ओळखतच नाहीत.

ॲपलची पेन्सिल: चार जाती, चार तऱ्हा

2015 ची पहिली पेन्सिल टोपी काढून थेट आयपॅडच्या लाइटनिंग पोर्टात खुपसायची. दिसायला विचित्र, पण 15 सेकंदांत अर्ध्या तासाचं काम देते. हिचं दुखणं म्हणजे पडून राहणं. बॅटरी अवघी 0.329 वॉट-तासांची, त्यामुळे वापरात नसलेली पेन्सिल काही महिन्यांनी उठतच नाही अशी तक्रार नेहमीची. टोपी हरवते ते वेगळंच. दहाव्या पिढीच्या आयपॅडला ही जोडायची तर वेगळा अडॅप्टर लागतो. आज नव्याने ही घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

2018 ची दुसरी पेन्सिल आयपॅडच्या लांब कडेला चुंबकाने चिकटते आणि तिथेच वायरलेस चार्ज होते. बाहेर उघडी पिन नाही, म्हणजे गंजायला काही नाही. ती चार्ज होत नसेल तर आधी कव्हर काढून बघा. कडेवरून जाणारं जाड कव्हर मधे आलं की पेन्सिल चिकटल्यासारखी वाटते, पण वीज पोचत नाही. ब्लूटूथ बंद असेल तर बॅटरीचा आकडाही दिसत नाही, म्हणून तेही तपासा.

खरा गोंधळ 2023 च्या यूएसबी-सी पेन्सिलीचा. तीही कडेला चिकटते, म्हणून लोक रात्रभर तशीच ठेवतात आणि सकाळी ती मेलेली. ती चिकटते फक्त ठेवण्यासाठी. चार्ज करायला मागचं टोक सरकवून केबल लावावी लागते. दुकानात हे कुणी सांगत नाही.

2024 ची प्रो पेन्सिल पुन्हा चुंबकावर चार्ज होणारी. बाजारात आली तेव्हा यूएसबी-सीवाली ₹7,900 ला आणि प्रो ₹11,900 ला होती. चार हजारांच्या या फरकात दाबाचा प्रतिसाद येतो, केबलची कटकट जाते आणि उघडं पोर्टही. कला शिकणाऱ्यासाठी मी डोळे झाकून प्रो म्हणेन. फक्त टॅब नीट बघा: प्रो जुन्या आयपॅडवर चालत नाही, आणि एम-4 चिपच्या आयपॅड प्रो टॅबवर दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालत नाही.

दुरुस्तीचं म्हणाल तर इथे गल्लीतल्या दुकानापेक्षा अधिकृत केंद्राची फेरी वाया जात नाही. एक वर्षाची वॉरंटी असते, आणि आयपॅडवर ॲपलकेअर प्लस, म्हणजे ॲपलचं जादा पैसे भरून मिळणारं संरक्षण, घेतलेलं असेल तर त्यात पेन्सिलही धरतात. हे अनेकांना ठाऊकच नसतं.

चार्ज न करताच लिहिणारं पेन

सॅमसंगच्या एस-पेनला लिहायला बॅटरी लागत नाही. पडद्याखालच्या जाळीतून निघणाऱ्या चुंबकीय लहरींवरच ते चालतं. हे तंत्र वाकॉम या जपानी कंपनीचं. 2020 च्या टॅब एस-6 लाइटच्या पेनात तर बॅटरीच नाही, आणि तरी दाब ओळखतं. वरच्या काही मॉडेलांच्या पेनात ब्लूटूथसाठी बॅटरी असते आणि ते टॅबच्या पाठीला लावून चार्ज होतं. ते चार्ज होत नसलं तरी लेखन चालूच राहतं, फक्त बटण दाबून लांबून स्लाइड बदलणं थांबतं.

अर्थात हे पेन आयपॅडवर चालणार नाही. म्हणून आयपॅड हातात असलेल्याने याचा मोह धरू नये. पण टॅबच अजून घ्यायचा असेल, आणि घर समुद्राजवळ किंवा सत्तरीसारख्या धो धो पावसाच्या भागात असेल, तर माझं मत याच बाजूला पडतं.

नवीन पेन कुठलंही घ्या, पणजीत 18 जून रस्त्यावर किंवा मडगावात, पैसे देण्याआधी काउंटरवरच ते तुमच्या टॅबवर, तुमच्या कव्हरसकट चार्जिंगला लावून बघा. केबलवालं असेल तर घरचाच चार्जर बरोबर न्या. दुकानदार कंटाळला तरी दहा मिनिटं थांबायला लावा, आणि आकडा एकने तरी चढलेला किंवा दिवा लागलेला दिसला की मगच पाकीट काढा.