लिव्हरसाठी चिनी औषध घ्यायचंय? वुवेईझी, शियाओ चाइहू की ज्येष्ठमध

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) वाढलेला आला की कोणीतरी लगेच 'नॅचरल' काहीतरी घे म्हणतंच, आणि सिंगापूर-हाँगकाँगला राहणाऱ्या आपल्या लोकांना तर ते कोपऱ्यावरच्या चिनी औषधांच्या दुकानात सहज मिळतं. तिथली तीन नावं घेतो.

वुवेईझी म्हणजे ईशान्य चीनमधली बारीक लाल फळं, वाळवून त्यांचा काढा करतात. उंदरांना लिव्हर खराब करणारं रसायन देऊन बघितलं तर या फळातली द्रव्यं पेशींना बऱ्यापैकी वाचवतात, इथपर्यंत ठीक. चीनमध्ये त्यावरूनच बायफेंडेट नावाची गोळी निघाली, आणि खरी गोम तिथेच आहे, कारण गोळीने एसजीपीटी भराभर उतरतो पण एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) तेवढा उतरत नाही, आणि गोळी बंद केली की बऱ्याच जणांचा आकडा पुन्हा वर जातो. मग लिव्हर सुधारलं की नुसता रिपोर्ट? शिवाय ट्रान्सप्लांट झालेल्यांनी हे फळ परस्पर घेऊच नये, टॅक्रोलिमसची (नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या औषधाची) रक्तातली पातळी वाढते.

शियाओ चाइहू हा सात वनस्पतींचा जुना काढा, हान काळातल्या झांग झोंगजिंगच्या ग्रंथातला. चीनमध्ये याच्या दाण्यांच्या पुड्या मिळतात, सर्दी-तापात कोमट पाण्यात विरघळवून पितात. जपानमध्ये हाच शो-साइको-तो म्हणून लिव्हरसाठी डॉक्टर सर्रास लिहून द्यायचे. तिघांत माणसांवरचा सगळ्यात दमदार अभ्यास मला याचाच वाटतो. १९९५ मध्ये आला, सिरॉसिसचे (लिव्हर आकसून कडक होण्याच्या आजाराचे) २६० रुग्ण, ५ वर्षं. काढा घेणाऱ्यांत लिव्हर कॅन्सर कमी दिसला, पण सगळे रुग्ण धरले तर फरक पक्का म्हणण्याइतका नव्हता, हिपॅटायटिस बी (विषाणूमुळे येणारी लिव्हरची सूज) नसलेल्यांत मात्र स्पष्ट होता. आणि लगेच १९९६ ला जपान सरकारला इशारा काढावा लागला, कारण या काढ्याने फुप्फुसाला सूज आल्याच्या ८८ केसेस आणि त्यात १० मृत्यू! आज तिथे इंटरफेरॉन (हिपॅटायटिसवरचं इंजेक्शन) चालू असेल, सिरॉसिस किंवा लिव्हर कॅन्सर असेल, किंवा क्रॉनिक (दीर्घकाळच्या) हिपॅटायटिसमध्ये प्लेटलेट १ लाखापर्यंत उतरले असतील तर हा काढा द्यायचाच नाही असा नियम आहे. म्हणजे अभ्यास ज्यांच्यावर झाला त्यांनाच आता मनाई.

ज्येष्ठमध आपल्या ओळखीचा, चिनी जात थोडी वेगळी पण मुख्य द्रव्य तेच, ग्लिसिरायझिन. जपानमध्ये क्रॉनिक हिपॅटायटिसला याची इंजेक्शनं वर्षानुवर्षं दिली गेली, एसजीपीटी उतरतो हे खरंय. पण इंजेक्शनचा निकाल घरच्या काढ्याला चिकटवू नका, आणि रोज जास्त घेतलं तर बीपी चढतं, पोटॅशियम पडतं, पाय सुजतात. बीपीची गोळी चालू असेल तर सोडून द्या.

आता कोणी काय घ्यावं? हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर यातलं काहीच नको, बीला टेनोफोव्हिर-एंटेकाव्हिर ही विषाणूवरची औषधं आहेत, सी तर बहुतेकदा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. फॅटी लिव्हर असेल तर वजन ७ ते १० टक्के उतरवणं या तिन्हीपेक्षा भारी. तरीही घ्यायचंच असेल तर त्यातल्या त्यात वुवेईझी, तेही बाकी गोळ्या चालू नसतील तरच आणि डॉक्टरांना सांगून. सुरू करायच्या आधी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करा, महिन्याभराने पुन्हा करा, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं द्रव्य) आणि आयएनआरही (रक्त गोठण्याची तपासणी) बघा, नुसत्या एसजीपीटीवर जाऊ नका. खोकला किंवा धाप सुरू झाली, लघवी गडद झाली, तर पुडी तिथेच बंद, आणि डॉक्टरकडे जाताना तिचं पाकीट सोबत न्या.