स्टायपेंड घ्यावा की शिक्का, अनुदान की व्याज परतावा: कोल्हापूरच्या बेरोजगार पोरांसाठी सरकारी योजनांची तुलना

राजारामपुरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. आयटीआयच्या परीक्षा संपल्या, डिग्रीचे निकाल लागले की प्लॅस्टिकच्या फायली घेऊन पोरं येतात आणि दहातली आठ जण एकच विचारतात, "दादा, कशात जास्ती मिळतंय?" प्रश्न चुकीचा नाही. चार महिने घरात बसून बापाचं बोलणं खाल्लेल्या पोराला सात हजार आणि आठ हजार यातला फरक मोठाच वाटणार. पण मी आता उलटा प्रश्न टाकतो: योजना संपली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या हातात काय उरणार? पुढची तुलना त्याच प्रश्नाच्या अंगानं केली आहे.

2024 च्या पावसाळ्यात कळंब्याच्या आयटीआयमधून टर्नर, म्हणजे लेथ मशीनवरचे कारागीर, झालेले दोन मित्र एकाच दिवशी आले. एकानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना धरली, दुसऱ्यानं अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात काम करत शिकणं.

युवा कार्य प्रशिक्षण म्हणजे लोक जिला 'लाडका भाऊ' म्हणतात ती. जुलै 2024 मध्ये शासन निर्णय निघाला. वय 18 ते 35, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नको. बारावीवाल्याला महिन्याला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये, सरकारकडून थेट खात्यात. मुदत आधी सहा महिने होती, 2025 मध्ये ती अकरा महिने झाली. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी करायची, जागा बघायच्या, अर्ज टाकायचा. एकाला एकदाच.

अप्रेंटिसशिप ही जुनी गोष्ट, कायदा 1961 चा. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन 2019 च्या नियमांनी महिन्याला 7,000 ठरलं. कंपनीनं त्यावर जास्त दिलं तर तिचा मोठेपणा. शिवाय 2016 पासून राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत या विद्यावेतनाचा पाव भाग, जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र सरकार उचलतं.

म्हणजे कागदावर पहिला मित्र हजारानं पुढे. पण वर्षाचा हिशोब मांडा. अकरा महिने आठ हजारांनी 88,000. बारा महिने सात हजारांनी 84,000. चार हजारांचा फरक. एवढ्यासाठी भांडायचं?

खरा फरक मला दोघं वर्षभरानं परत आले तेव्हा दिसला. पहिल्याला एका सरकारी कार्यालयात जागा मिळाली होती. टर्नरचा पोरगा अकरा महिने आवक-जावक रजिस्टर लिहीत बसला, झेरॉक्स काढल्या, साहेबांच्या एक्सेलमध्ये आकडे भरले. आपण लेथला कधी हात लावला होता हेही तो विसरायला आला होता. दुसरा शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये होता. माझ्या काउंटरवर बसल्या बसल्या त्यानं खिशातून एक बुश, लेथवर केलेली पोकळ नळी, काढून दाखवला. आतल्या व्यासावर नखानं ओरखडा येईल इतकीच एक रेघ होती. म्हणाला, "हा माझा पहिला रिजेक्ट जॉब. टूल घासलं होतं, तेवढी मापात दुरुस्ती, ऑफसेट, द्यायची विसरलो. सुपरवायझरनं ठेवून घे म्हटलं." त्या पोराला नोकरी मिळणार हे मला त्या बुशवरूनच कळलं.

वर त्याच्याकडे शिक्का होता: राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र, परीक्षा देऊन मिळवलेलं. उद्यमनगरापासून पुण्याच्या चाकणपर्यंत कुठल्याही कारखान्याच्या एचआरला ते दाखवलं तर समजावून सांगावं लागत नाही. रेल्वेच्याच कारखान्यात अप्रेंटिस झालेल्यांना तर रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. युवा कार्य प्रशिक्षणाचंही प्रमाणपत्र मिळतं, पण त्यावर कायम नोकरीचा हक्क सांगता येत नाही. आम्हाला कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थींची आंदोलनं झाली, ती अनेकांना आठवत असतील. माझ्या मते त्यात पोरांचा दोष नाही. अकरा महिने ज्या टेबलाचं काम केलं ते टेबल सोडवत नाही.

पण म्हणून युवा कार्य प्रशिक्षण टाकाऊ नाही. बीए, बीकॉम झालेल्यांसाठी अप्रेंटिसच्या जागा आपल्याकडे कमी, आणि अनुभव नाही म्हणून कुणी दारात उभं करत नाही. अशांसाठी 10,000 रुपये घेऊन टॅली, जीएसटी, बिलिंग शिकायची ही बरी संधी आहे. अट एकच: जागा निवडताना घराजवळचं कार्यालय बघू नका, काम बघा. गोकुळ शिरगावला जाणाऱ्या बसमध्ये रोज तासभर जाईल, पण अकाउंट्सला बसाल. आयटीआयवाल्यानं मात्र आधी अप्रेंटिसचं पोर्टल उघडावं. तिथं आपल्या ट्रेडची जागा नसेल तरच 'लाडका भाऊ' व्हावं, आणि तेही खासगी कारखान्यात.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना मी थोडक्यात उरकतो. 2024 मध्ये आली तेव्हाच्या नियमानं वय 21 ते 24, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, महिन्याला 5,000, सुरुवातीला एकदा 6,000, बारा महिने. कंपन्या देशातल्या मोठ्या. पण जागा पुण्याला, नाशिकला किंवा त्याहून लांब लागली, तर पाच हजारांत खोलीचं भाडं आणि मेस भागत नाही. पुण्यात मामा असेल तर जा. नावाजलेल्या कंपनीचं नाव बायोडेटावर येतं, हा फायदा खरा आहे.

आता दुसरी पंगत. ज्यांना नोकरी नकोच, शेड टाकायचं आहे, गाडा लावायचा आहे, त्यांची. इथं गोंधळ सगळ्यात जास्त, कारण "सरकारी कर्ज" हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात.

पहिली गोष्ट अनुदानाची. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 पासून आहे, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 पासून. दोन्हींत अनुदानाची टक्केवारी सारखीच: सर्वसाधारण गटाला शहरात 15, ग्रामीण भागात 25. महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात 25, ग्रामीणमध्ये 35. स्वतःचे पैसे सर्वसाधारण गटाला 10 टक्के घालावे लागतात, बाकीच्यांना पाच. राज्याच्या योजनेत 2019 च्या नियमानं वय 18 ते 45 होतं, राखीव गटांना पाच वर्षांची सूट. केंद्राच्या योजनेला वरची वयोमर्यादा नाही. चाळिशी ओलांडून गिरणी किंवा कारखाना बंद पडल्यानं घरी बसलेल्या माणसाला हे आधी सांगतो.

दुसरी गोष्ट व्याज परताव्याची. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ, स्थापना 1998, मुख्यतः मराठा तरुणांसाठी. हे महामंडळ कर्ज देत नाही, अनुदानही देत नाही. 15 लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत आणि एकूण साडेचार लाखांपर्यंत, परत करतं. तेही तुम्ही हप्ता वेळेवर भरल्यानंतर. आणि महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र आधी, कर्ज नंतर. ट्रॅक्टर दारात उभा करून मग माझ्याकडे आलेल्यांना हात हलवत परत जावं लागलं आहे.

दोन्हींची तुलना आकड्यात करू. करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावात दहा लाखांचं पिठाची गिरणी आणि मसाला युनिट टाकायचं आहे, सर्वसाधारण गट. अनुदानाच्या योजनेत स्वतःचे एक लाख, बँकेचे नऊ, त्यात अनुदान अडीच लाख. हे अडीच लाख हातात येत नाहीत. केंद्राच्या योजनेत ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावानं अडकवून ठेवतात. तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, आणि तीन वर्षांनी तपासणीत युनिट चालू दिसलं की ते कर्जात वळतं होतं. युनिट बंद पडलं तर अनुदान गेलं. व्याज परताव्यात मुद्दल सगळं तुमचंच, पण दर हप्त्याचं व्याज परत येत राहतं. ज्याचा धंदा पहिल्या महिन्यापासून रोख देतो, दूध, भाड्याची गाडी, ट्रॅक्टर, त्याला परतावा सोसतो. ज्याचा धंदा बसायला दीड-दोन वर्षं लागतात, त्याचा एक हप्ता चुकला की परतावा अडतो. मसाला युनिटवाल्याला मी अनुदानाकडेच पाठवीन.

शहर की ग्रामीण हा मुद्दा कोल्हापुरात लाखमोलाचा आहे, शब्दशः. ग्रामपंचायतीच्या हद्दीत शेड असेल तर केंद्राच्या योजनेत ते ग्रामीण धरतात. म्हणजे शिवाजी उद्यमनगरात भाड्यानं गाळा घेतला तर 15 टक्के, आणि उचगाव-पाचगावसारख्या ठिकाणी ग्रामपंचायतीच्या हद्दीत घेतला तर 25. दहा लाखांवर सरळ एक लाखाचा फरक. शहराच्या हद्दवाढीचं काय व्हायचं ते होवो, गाळ्याचा करारनामा करण्याआधी तो कुणाच्या हद्दीत येतो ते बघा.

आणखी एक कोल्हापुरी शंका: खानावळ चालते का? पूर्वी मांसाहारी हॉटेलाला केंद्राच्या योजनेत मनाई होती. 2022 च्या सुधारित नियमांत ती उठली. तांबडा-पांढऱ्यावर कर्ज मिळतं. दारू, विडी, पानमसाला मात्र अजून बादच.

बँकेत काय होतं तेही ऐका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं लघुउद्योगाच्या निदान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही. तरी काउंटरवर "सातबारा आणा" हे ऐकायला मिळतंच. वाद घालू नका, तारणाची मागणी लेखी द्या म्हणा. बँका खऱ्या अडतात त्या सिबिलवर, म्हणजे जुनी कर्जं कशी फेडली त्याच्या गुणांवर. मोबाइलच्या हप्त्याचे चुकवलेले बाराशे रुपये आठ लाखांच्या प्रकरणाला नडलेले मी पाहिले आहेत.

चप्पल शिवणारे, सोनार, सुतार, लोहार, कुंभार यांचा रस्ता वेगळा. पंतप्रधान विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 ची, 18 व्यवसायांची. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000, मग पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि ते फेडलं की दोन लाख. सुभाषनगर-जवाहरनगरातल्या चप्पल कारागिराला हे बसतं. पण मागच्या पाच वर्षांत रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं कर्ज घेतलं असेल तर विश्वकर्मा मिळत नाही, आणि घरातल्या एकालाच मिळते. मोठं युनिट टाकायचं आहे की घरचंच काम नीट करायचं आहे, हे फॉर्म भरण्याआधी ठरवा.

अजून काहीच ठरलं नसेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बघा. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया, तीच ती चालवते. प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवण तिथंच, आणि तिथलं प्रमाणपत्र रोजगार निर्मितीच्या कर्जालाही चालतं. शिवणकाम, दुग्धव्यवसाय, मोबाइल दुरुस्ती. स्टायपेंड नाही म्हणून पोरं तोंड फिरवतात.

आणि कुठलाही फॉर्म भरा, सरकारचा पैसा तुम्ही पासबुक जोडता त्या खात्यात येतो असं धरून चालू नका. आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं गेलं तिथं तो जातो. वर सांगितलेला पहिला मित्र, रजिस्टरवाला, तीन महिने पैसे आले नाहीत म्हणून माझ्याशी भांडत होता. शोधता शोधता निघालं की सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन त्याचं एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं. पोराला पत्ताच नव्हता. 24,000 रुपये तिथं गप पडून होते.