हिरवा दिवा आणि ७,५४९ रुपये

सॉकेटमध्ये खोचला की विजेचं बिल कमी होतं म्हणतात, तो 'पॉवर सेव्हर'चा डबा तुम्ही पाहिला असेलच. नसेल पाहिला तर जाहिरात तरी पाहिली असेल. हे असलं काहीतरी थोतांड असतं हे मलाही माहीत होतं. म्हणजे आधीपासून माहीत होतं. तरीही मी तीन घेतले आणि मेव्हण्याच्या गळ्यात दोन मारले. उभा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला माझा, म्हणून हे लिहिताना जास्तच लाज वाटते आहे.

ऑनलाइन मागवला असता तर स्वतःला चार शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण माणूस दारात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, बोलणं अदबीचं. 'विकत घेऊ नका काका, नुसतं बघा तर खरं' म्हणाला. कोण नाही बघणार? पिशवीतून त्याने चिमट्यासारखा जबडा असलेला मीटर काढला. ह्याला क्लॅम्प मीटर म्हणतात, इलेक्ट्रिशियन लोक वापरतात, खरं यंत्र आहे ते. यंत्र खोटं असतं तर मी पकडलंच असतं, एवढं तरी श्रेय मला द्या.

घरात फिरून त्याने मागच्या खोलीतली जुनी चोकवाली ट्यूबच निवडली. टेबलावर मिक्सर होता, इस्त्री होती, पण त्याला तीच ट्यूब हवी होती. ट्यूब आणि सॉकेट दोन्हींकडे जाणारी वायर मोकळी करून जबड्यात धरली. आकडा ०.४३ अँपिअर. मग शेजारच्या सॉकेटमध्ये डबा खोचला, हिरवा दिवा लागला, आकडा ०.२२. डबा काढला, पुन्हा ०.४३. लावला, ०.२२. माझ्या हाताने लावायला लावलं त्याने. निम्मा करंट! 'आम्ही तर चाळीस टक्केच सांगतो काका.' ह्या नम्रतेवर मी विकला गेलो.

आणि आता तो क्षण. ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, 'अहो, मग बाहेर मीटरवर बघा की, तो लुकलुकणारा लाल ठिपका हळू होतो का.' इतकं सरळ होतं! बिल मीटर करतो, तो चिमटा नाही. दार उघडून दहा पावलं जायचं होतं. तो माणूस एक क्षण थांबला, तो थांबलेला मला दिसलासुद्धा, आणि म्हणाला, 'ताई, मीटरला फरक पकडायला वेळ लागतो.' मी काय केलं? हिलाच म्हणालो, 'तुला त्यातलं कळत नाही, मध्ये बोलू नको.' हे वाक्य आता मला आठवड्यातून दोनदा तरी परत ऐकवलं जातं.

भाव २,२०० सांगितला, मी घासाघीस करून १,४५० वर आणला आणि वर मिशीला पीळ दिला. तीन डबे, ४,३५०. नोंदणी आणि वॉरंटीचे २९९. एकूण ४,६४९, मोबाईलवरून. मनातल्या मनात गणितही झालं होतं: बिल १,७८०, चाळीस टक्के म्हणजे ७१२, साडेसहा महिन्यांत पैसे वसूल. गणित बिनचूक होतं, फक्त चाळीस टक्के कुठून आले ते तपासलं नाही.

पहिल्या महिन्यात २१४ युनिटचे १७१ झाले. मी फोन करकरून सगळ्यांना सांगितलं. मेव्हण्याने माझ्या शब्दावर दोन मागवले, २,९०० चे. आता सांगतो: त्या महिन्यात उकाडा सरला होता, पंखे कमी चालले, बाकी काही नाही. पुढच्या महिन्यात पाहुणे होते, २०९. तिसऱ्या महिन्यात २१९. फोन केला तर म्हणे, 'यंत्राला घरातलं वायरिंग शिकायला तीन महिने लागतात, अजून एक बिल बघा.' पैसे परत करण्याची मुदत तीस दिवसांची होती. डबा तीन महिने शिकणार आणि मुदत तीस दिवसांत संपणार, हे एकत्र वाचलं असतं तरी डोक्यात प्रकाश पडला असता. कुठल्याही विक्रेत्याने 'सवय व्हायला वेळ लागतो' म्हटलं की आधी मुदतीची तारीख बघा.

शेवटी पंखा दुरुस्त करायला आलेल्या मुलाकडून एक डबा उघडून घेतला. आत काय? ४.७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत सोडणारा भाग, एक-दोन रेझिस्टर, हिरवे दिवे. खाली राखाडी रंगाचा घट्ट गोळा, वजन यावं म्हणून ओतलेला. मुलगा हसला. 'काका, पंख्यात असतो ना कंडेन्सर, त्याचा हा थोरला भाऊ.'

मग त्याने समजावलं ते मला शाळेतच कळायला हवं होतं. चोक किंवा मोटर असलेलं उपकरण थोडा करंट नुसताच ओढतं आणि परत पाठवतं. त्याचं काम होत नाही, तारेतून हेलपाटे चालू असतात. कंडेन्सर लावला की ते हेलपाटे चोक आणि कंडेन्सरच्या आपसात होतात, मागच्या तारेत करंट कमी दिसतो. म्हणून चिमटा खरंच बोलत होता. पण घरचं बिल युनिटचं, म्हणजे किलोवॉट-तासांचं येतं, आणि त्या हेलपाट्यांचे पैसे मीटर आधीही घेत नव्हता. कारखान्यांचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, घसरला तर त्यांना भुर्दंड पडू शकतो, म्हणून तिथे कंडेन्सर लावतात, तिथे त्याला अर्थ आहे. अमेरिकेतल्या सरकारी मानक संस्थेने घरगुती डब्यांचा हा भ्रम २००९ सालीच फोडला होता. आमच्या डब्यासोबतच्या कागदावर 'टेस्लाचं दडपलेलं तंत्रज्ञान' असं छापलं होतं. विजेचा संशोधक निकोला टेस्ला १९४३ साली गेला, बिचाऱ्याला कल्पनाही नसेल.

खात्री म्हणून मी स्वतः मोजलं. घरातलं सगळं बंद, फक्त ती ट्यूब चालू. आमच्या मीटरवर ३,२०० लुकलुकींना एक युनिट असं लिहिलंय. दहा मिनिटांत ठिपका २७ वेळा लुकलुकला. डबा लावला, पुन्हा दहा मिनिटं. २७. खुर्ची टाकून मीटरसमोर बसलो होतो, येणारेजाणारे विचारत होते काय झालं म्हणून. इस्त्रीवर तर चिमट्याचा आकडाही हलला नाही, ४.३ चा ४.३ च. म्हणूनच त्याने इस्त्रीला हात लावला नव्हता. प्रयोगाचं उपकरण तुम्ही निवडा, त्याला निवडू देऊ नका.

आता तक्रारीची कथा. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, 'पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना?' हो. 'मग वस्तू मिळाली ना?' हो. 'मग फसवणूक कुठे?' मोबाईलवरून पैसे दिले म्हणून सायबरवाल्यांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणूस दारावर आला होता, हे सायबर नाही, चौकीत जा. चौकीत परत गेलो तर साहेब जेवायला गेलेले, आणि पाच वाजेपर्यंत साहेब जेवतच होते. वीज कार्यालयातला कारकून मान वर न करता म्हणाला, 'मीटरच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं तुमचं.' अहो, तुमच्याच मीटरच्या नावाने धंदा चाललाय, दारात एक कागद तरी चिकटवा सावधगिरीचा! ग्राहक तक्रारीच्या फोनवर ४० मिनिटं संगीत ऐकलं, मग बाईंनी कंपनीचा नोंदणीकृत पत्ता मागितला. पावतीवर पत्ताच नाही, तोच तर मुद्दा आहे! अकरा दिवसांनी मेसेज आला: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' कोणी केलं, कसं केलं, मला का नाही कळलं? उत्तर द्यायला त्या मेसेजला रिप्लायची सोयही नाही. फसवणाऱ्याने निदान काका म्हणून बोलावलं होतं.

पावतीवर पत्ता नसेल तर पैसे काढू नका, बास. पूर्ण पत्ता मागा, तिथेच माणूस चुळबुळ करायला लागतो. आणि बिलं ताडायची तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा, मागच्या महिन्याशी नाही. मी तिथेच आपटलो.

ती चोकवाली ट्यूब काढून २० वॉटची एलईडी लावली. दहा मिनिटांत ठिपका ११ वेळा. डबा नाही, हिरवा दिवा नाही, शिकायला तीन महिने नाहीत.

मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. काल त्याचा फोन आला होता. म्हणाला, 'दाजी, एका डब्याचा हिरवा दिवा बंद पडलाय, वॉरंटीचं कार्ड तुमच्याकडेच आहे ना?'