डाउनस्विंगच्या आडून होणारी चोरी

ऑनलाइन पोकर स्पर्धांत लुटला गेलेला माणूस सहसा ओरडत नाही, कारण आपण लुटले गेलो हेच त्याला ठाऊक नसतं. त्याच्या लेखी रन खराब चाललेला असतो, म्हणजे नशिबाचा उतार, डाउनस्विंग. एसेस, म्हणजे हातातली एक्क्यांची जोडी, फुटतायत; बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या अगदी उंबरठ्यावर, बाद व्हायची सवयच लागलीय. मित्र सांगतात, ग्राइंड करत राहा, म्हणजे नेटाने रोज खेळत राहा, फिरेल. बहुतेक वेळा ते खरंही असतं आणि म्हणूनच चोरी खपून जाते.

जरा हिशेब मांडू. ११०० रुपये बाय-इनची, म्हणजे प्रवेश फीची, स्पर्धा, त्यातले १०० साइटचे, हजार खेळाडू. बक्षिसाची रक्कम दहा लाख. दीडशे जणांच्या हाती काहीतरी लागतं, पण बहुतेकांना बाय-इनच्या दीडपट-दुप्पट. खरा पैसा वरच्या तिघा-चौघांत, पहिल्याला पावणेदोन-दोन लाख. आता एक खरोखर चांगला ग्राइंडर घ्या, दर बाय-इनमागे सरासरी २० टक्के कमावणारा. हजार स्पर्धांत त्याची अपेक्षित कमाई २०० बाय-इन. पण अशा फील्डमध्ये एका स्पर्धेचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, आठ-नऊ बाय-इनचं असतं. हजार स्पर्धांसाठी त्याला हजाराच्या वर्गमुळाने, म्हणजे ३१.६ ने गुणायचं. उत्तर येतं २५० ते २८५ बाय-इन. नफ्यापेक्षा चढउतारच मोठा! हजार स्पर्धा नीट खेळूनही असे पाचातला एक जण तोट्यात असतो, आणि त्यात त्याचा काडीचा दोष नसतो. १७ टक्के वेळा पैशात येणाऱ्याच्या वाट्याला सलग पंचवीस कोऱ्या स्पर्धांची माळ हजारात एक-दोनदा येतेच.

आता समजा, कुणी तुमच्या वीस टक्क्यांतले दहा गुपचूप खाल्ले. नुसता निकालांचा आलेख बघून हे कधी कळेल? वरच्याच आकड्यांनी गणित केलं तर बऱ्यापैकी खात्रीने सांगायला २५ ते ३० हजार स्पर्धा लागतात. दिवसाला दहा खेळणाऱ्याचीही त्यात सात-आठ वर्षं जातील. थोडक्यात, नफा-तोट्याची वही चोर पकडू शकत नाही. पकडले गेले ते हातांच्या नोंदीवरून, हँड हिस्टरीवरून.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण सप्टेंबर २००७ मधलं. ॲब्सोल्यूट पोकर ही साइट, हजार डॉलरची स्पर्धा. ‘पॉटरिपर’ नावाचं खातं पहिलं आलं, ‘क्रेझीमार्को’ दुसरा. शेवटच्या हातात पॉटरिपरकडे जोडीसुद्धा नव्हती, हातातलं मोठं पान दश्शी. तरी त्याने कॉल केला, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे पैसे लावले. समोर हुकलेला फ्लश, म्हणजे एका रंगाची पाच पानं न जमलेला हात, होता, तेव्हा कॉल बरोबर निघाला. दुसरा आलेल्या खेळाडूने साइटकडे हँड हिस्टरी मागितली. आली ती एक्सेल फाइल, आणि तिच्यात त्याच्या एकट्याच्या नव्हे, सगळ्या खेळाडूंच्या झाकलेल्या पानांची नोंद होती. शिवाय कोण कोणत्या आयपीवरून खेळत होतं आणि टेबलावर प्रेक्षक म्हणून कोण बसलं होतं, तेही.

खेळाडूंनी ती फाइल हात-हात करून वाचली. पहिले दोन हात पॉटरिपरने फोल्ड केले, म्हणजे पानं टाकली. तिसऱ्या हाताला ३६३ क्रमांकाचं एक खातं प्रेक्षक म्हणून आलं. तिथून पुढे वीस मिनिटं पॉटरिपरने फ्लॉपआधी, म्हणजे टेबलावर पानं उघडण्याआधी, एकही हात टाकला नाही. टाकला तो नेमका समोरच्या एकाकडे पॉकेट किंग्ज, म्हणजे हातातच दोन राजे, असताना. ३६३ इतका लहान क्रमांक म्हणजे साइटच्या सुरुवातीच्या काळातलं, आतल्या गोटातलं खातं, ज्याला सगळ्यांची झाकलेली पानं दिसत होती. कुंपणच शेत खात होतं. साइटला परवाना देणाऱ्या, कॅनडातल्या काहनावाके गेमिंग कमिशनने जानेवारी २००८ मध्ये साइटला पाच लाख डॉलर दंड केला. त्याच वर्षी भावंड साइट अल्टिमेटबेटवर तसाच प्रकार उघड झाला, वर्षानुवर्षं चाललेला. १९९४ चा विश्वविजेता रस हॅमिल्टन याला आयोगाने मुख्य सूत्रधार ठरवलं आणि साइटला १५ लाख डॉलर दंड केला. इतकी वर्षं हरणाऱ्यांना वाटत होतं, समोरचा येडा आहे आणि आपलं नशीब फुटकं.

समोरचा नुसता नशीबवान आहे की त्याला पानं दिसतायत, हे ओळखायला दोन आकडे एकत्र बघायचे. एक, तो किती टक्के हातांत स्वतःहून पैसे घालतो. स्पर्धेतल्या सरावलेल्या खेळाडूचं हे प्रमाण वीस-पंचवीसच्या आसपास असतं. दुसरा, शोडाउनपर्यंत, म्हणजे शेवटी पानं उघडण्यापर्यंत, गेल्यावर तो किती वेळा जिंकतो. हा आकडा भल्याभल्यांचा पन्नास-पंचावन्नवर घुटमळतो. बेताल खेळणारा पहिल्यात साठला जातो, पण मग दुसऱ्यात आपटतोच. रद्दी पानांनी सगळ्या हातांत घुसायचं आणि तरी शोडाउनला सत्तर-पंचाहत्तर टक्के जिंकायचं, तेही काहीशे हात सलग, हे पानं न बघता जमत नाही. एखादा वेडा कॉल बरोबर आला म्हणून बोंब मारू नका. तो मोठ्या हाताला कधी पैसे देतो का ते बघा. पानं दिसणारा तुमच्या सेटला, म्हणजे तीन सारख्या पानांना, कधीच पैसे देत नाही.

मिलीभगत यापेक्षा साधी आणि कितीतरी जास्त. एकाच खोलीत बसलेले तिघे, एका टेबलावर तीन खाती. एक रेझ करतो, म्हणजे पैज वाढवतो, दुसरा लगेच री-रेझ, मधला सापडलेला खेळाडू पान टाकतो आणि मग त्या दोघांपैकी एक निमूट फोल्ड करतो. बबलच्या जवळ एकाचा स्टॅक, म्हणजे सगळ्या चिप्स, अचानक दुसऱ्याकडे जातो, तोही ज्या हाताला कोणी कॉल करणार नाही अशा हातावर. हे एका हातात दिसत नाही. त्या दोन नावांमधले सगळे हात गाळून वेगळे काढले की दिसतं: एरवी एकमेकांना ते कधी बाद करतच नाहीत. खातं एकाचं आणि फायनल टेबलला खेळणारा दुसराच, हाही जुना धंदा. २००७ मध्ये पोकरस्टार्स या साइटच्या डब्ल्यूकूप मालिकेतल्या मुख्य स्पर्धेचा विजेता ‘दव्हॉइड’ याच कारणावरून अपात्र ठरला. पहिलं बक्षीस बारा लाख डॉलरच्या वर होतं, ते खालच्यांत वाटलं गेलं. त्या साइटने शोधलं म्हणून. सगळ्या साइट शोधत नाहीत.

टेबल स्वच्छ असलं तरी तिजोरी असेलच असं नाही. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेने मोठ्या पोकर साइट्सवर कारवाई केली, तेव्हा फुल टिल्ट या साइटचं पितळ उघडं पडलं. त्या वर्षीच्या ३१ मार्चला जगभरच्या खेळाडूंचे ३९ कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते जेमतेम सहा कोटी. स्क्रीनवरचा बॅलन्स म्हणजे नुसता आकडा होता. पोकरस्टार्सने सरकारशी तडजोड करून ती कंपनी घेतली, तेव्हा अमेरिकेबाहेरच्यांना २०१२ अखेर पैसे मिळाले, अमेरिकेतल्यांना त्याहून उशिरा. साइट बुडाली तर पैसे परत मिळणं हा अपवाद आहे, हे लक्षात ठेवून बॅलन्स ठेवायचा. पुढच्या आठवड्याच्या बाय-इनइतका, त्यावर नाही.

आता स्टेकिंग. लांब पल्ल्याच्या चढउतारापायी ग्राइंडर आपल्या स्पर्धेतला वाटा विकतो, यात गैर काही नाही. चांगला खेळाडू मार्कअप लावतो, म्हणजे शंभराचा वाटा एकशेवीसला. फसवणूक शिरते ती शंभर टक्क्यांहून जास्त विकण्यात. ११,००० ची स्पर्धा घ्या. एकाने वेगवेगळ्या टेलिग्राम ग्रुपवर मिळून १५० टक्के वाटा १.२ मार्कअपने विकला. जमा झाले १९,८००. बाय-इनचे ११,००० भरले, ८,८०० खिशात. स्पर्धेत तो सहापैकी पाच वेळा कोरा परतणारच, तेव्हा कोणाला काही द्यायचा प्रश्न नाही. सगळे म्हणतात, बॅड लक भाऊ. त्याला हरण्यातच फायदा आहे. छोटं बक्षीस लागलं तर तो खिशातून भागवतो आणि विश्वास वाढवतो. मोठं लागलं की फोन बंद.

यावर उपाय किचकट नाही, फक्त माणसं संकोच करतात. वाटे घेणाऱ्या सगळ्यांची नावं आणि टक्के एकाच शीटवर, सगळ्यांना दिसेल असे, स्पर्धा सुरू होण्याआधी. शीट नसेल तर पैसे नाहीत. खेळाडूचं स्क्रीननेम लॉबीत स्वतः शोधायचं, किती री-एंट्री घेतल्या, म्हणजे बाद होऊन किती वेळा पुन्हा पैसे भरून शिरला, ते मोजायचं. बाद झाल्यावर आलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, पाच मिनिटांत बनतो. मेकअपवर, म्हणजे आधीचा तोटा पुढच्या जिंकण्यातून आधी वळता करण्याच्या बोलीवर, खेळणाऱ्याकडून दर आठवड्याला साइटने दिलेली निकालांची मूळ फाइल मागायची. कोर्टाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. करार कायद्याचं कलम ३० पैजेचे करार निरर्थक ठरवतं आणि जुन्या मुंबई इलाख्याला लागू झालेल्या १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक करारही त्याच माळेत बसवले. पोकर पैज की कौशल्य यावर वकील वर्षभर भांडतील, तोवर तुमचे पैसे गेलेले असतील.

सगळ्यांत जास्त माणसं आज बुडतात ती क्लबच्या ॲपांवर. याची पायाभरणी करांनी केली. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएस, ऑक्टोबर २०२३ पासून डिपॉझिटवर २८ टक्के जीएसटी. एजंटांनी तेच विकलं: आमच्याकडे टीडीएस नाही, जीएसटी नाही, वर तीस-चाळीस टक्के रेकबॅक, म्हणजे कापलेल्या कमिशनचा परतावा. मग ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि देशी साइट्सनी पैशाचं पोकर बंद केलं. समोरासमोर बसून खेळायचं तर मुख्यतः गोव्याचे कॅसिनो उरले. ज्याला घरीच खेळायचंय, तो एजंटच्या दारात आपसूक गेला.

रचना अशी असते. ॲप फक्त खेळण्यातल्या चिप्स पुरवतं, पैशाशी आपला संबंध नाही म्हणतं. क्लबचा मालक, त्याखाली सुपर एजंट, त्याखाली एजंट. तुम्ही एजंटला यूपीआयने पैसे पाठवता, तो चिप्स टाकतो. हिशेब सहसा सोमवारी. पहिले तीन-चार पेआउट मिनिटात येतात, दोन हजार, पाच हजार. साठ हजार जिंकलात की मग सोमवारचा बुधवार होतो, ‘वरून सेटलमेंट अडकलंय’ येतं, ‘तुमच्या खात्याची मिलीभगतीसाठी तपासणी चालू आहे’ येतं. चिप्स कुणाच्याही परवानगीशिवाय खात्यातून काढून घेता येतात, हे तेव्हा कळतं. मालक एजंटकडे बोट दाखवतो, एजंट मालकाकडे.

गॅरंटीचीही गंमत बघा. पाच लाखांच्या बक्षिसाची गॅरंटी, हजाराची एंट्री, खरे खेळाडू ३२०. उरलेले एक लाख ऐंशी हजार मालकाने घालायचे, आणि त्याच लोभाने चाणाक्ष खेळाडू आलेले असतात. लेट रजिस्ट्रेशनच्या, म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यावरही प्रवेश मिळतो त्या काळाच्या, शेवटच्या दहा मिनिटांत अचानक नव्या नावांची रांग लागते, एंट्री पाचशेला टेकते. ही नावं मालकाची. त्यांच्या चिप्सना पैसा लागलेला नाही. पाचशेतल्या १८० जागा त्यांच्या, तर बक्षिसातला सरासरी ३६ टक्के वाटा, म्हणजे नेमके ते एक लाख ऐंशी हजार, परत त्याच्याच घरात. ओव्हरले, म्हणजे मालकाने खिशातून भरायची तूट, कधी नव्हताच. ती खाती एकमेकांची पानं बघून खेळत असतील तर याहून जास्त. लेट रजिस्ट्रेशनला आलेली नावं दोन-तीन रविवार टिपून ठेवा. तीच ती नावं, कॅश गेमला, म्हणजे स्पर्धेबाहेरच्या रोख खेळाला, कधी न दिसणारी, दर वेळी शेवटच्या मिनिटाला दिसली की ओळखा.

याहून वाईट म्हणजे आलेला पैसा. एजंट जिंकलेली रक्कम स्वतःच्या खात्यातून पाठवत नाही. दर वेळी वेगळं नाव, वेगळी बँक, कुठल्या तरी परराज्यातलं खातं. ती भाड्याने घेतलेली खाती असतात आणि त्यांत दुसऱ्याच कुणाच्या तरी फसवणुकीचा पैसा फिरत असतो. त्या माणसाने तक्रार केली की साखळीत तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम बँक अडकवते, कधी अख्खं खातंच. पगार त्यात, ईएमआय त्यातून. बँकेत गेलात तर एक तक्रार क्रमांक आणि कुठल्या तरी दूरच्या सायबर पोलीस ठाण्याचं नाव मिळतं. तिथल्या तपास अधिकाऱ्याचं पत्र आल्याशिवाय रक्कम सहसा सुटत नाही. अनोळखी नावावरून पेआउट आला, तर तिथेच थांबायचं. पुढचा पेआउट घ्यायचा नाही.

आणि मग येतो तिसरा माणूस. ‘तुमचा अडकलेला बॅलन्स काढून देतो, आधी १८ टक्के जीएसटी भरा.’ आगीतून फुफाट्यात. तुमची नेमकी रक्कम त्याला कशी कळली, हे विचारा. यादी क्लबवाल्यानेच विकलेली असते, किंवा तो क्लबवालाच असतो. कुठलाही कर तुमचेच पैसे तुम्हाला देण्याआधी अनोळखी यूपीआय आयडीवर भरावा लागत नाही.

‘आपणच बेकायदा खेळलो, तक्रार कशी करणार’ या भीतीवर हा सगळा धंदा चालतो. नव्या केंद्रीय कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली वेगळा गुन्हा आहेच. पैसे गेल्याचं कळल्या क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, कारण रक्कम भाड्याच्या खात्यांतून काही तासांत पुढे सरकते आणि एकदा एटीएममधून निघाली की संपलं. फोन करताना हाताशी ठेवा: प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ-रक्कम, पैसे गेलेला यूपीआय आयडी. क्लबचा आयडी, एजंटचा नंबर आणि चॅट त्यानंतर सायबरक्राइम पोर्टलवर जोडायचं. चॅट आधी एक्सपोर्ट करा, मग एजंटला जाब विचारा. उलट केलंत तर तो सगळे मेसेज पुसून ग्रुपमधून तुम्हाला काढून टाकेल.